मुद्दल राखणारी विद्या

गेल्या पावसाळ्यात कराडहून भाच्याचा फोन आला. आवाजात काळजी होती. "मामा, पोराला दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळतोय आणि तो हटून बसलाय. तुमचं ऐकतो, तुम्हीच समजवा त्याला. अहो, झाडं मोजायला चार वर्षं शिकायचं? आपल्या रानातला गडी चौथी नापास आहे, पण बांधावरचं झाड न् झाड नावानिशी ओळखतो!"

मी हसलो, "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जंगल आपोआप वाढतं, पाऊस त्याला पाणी घालतो, मग त्याचं शास्त्र कशाला आणि त्याची पदवी कशाला? डॉक्टर लागतो कारण माणूस आजारी पडतो, इंजिनियर लागतो कारण पूल आपोआप उभा राहत नाही. पण वनशास्त्रज्ञ? आपल्या मध्यमवर्गीय घरांत हा शब्द अजून नीट रुळलेला नाही. खाकी कपड्यातला फॉरेस्टवाला आपल्याला माहीत असतो. तो काय शिकून आलेला असतो, हे विचारायची वेळ कधी येत नाही.

मी जंगलातला तज्ज्ञ नव्हे. माझी उभी हयात बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. मात्र एका कादंबरीसाठी जंगलखात्याचा जुना इतिहास वाचायला घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा विषय मला वाटला तितका परका नाही. वनशास्त्र नावाची विद्या जन्माला आली तीच मुळी एका हिशेबातून. आणि तो हिशेब आमच्या बँकेतल्या कुठल्याही कारकुनाला पहिल्या दिवशी शिकवतात तोच होता : व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये.

ही गोष्ट जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात घडली. तिथे फ्रायबर्ग नावाच्या गावाभोवती चांदीच्या खाणी होत्या. चांदी वितळवायला कोळसा लागे, तो लाकूड जाळून करत. खाणीचं छत तोलून धरायलाही लाकडी खांब लागत. शतकानुशतकं डोंगर तोडले गेले आणि एक दिवस लोकांच्या ध्यानात आलं की जमिनीत चांदी आहे, पण ती काढायला वर लाकूड उरणार नाही. हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ हा तिथल्या खाणखात्याचा वरिष्ठ अधिकारी. वनाधिकारी नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं. त्याने १७१३ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितलं की लाकूड असं वापरा की ते पुढेही टिकून राहील. त्यासाठी त्याने जो जर्मन शब्द वापरला, त्यातूनच आजचा 'शाश्वत' हा सतत कानावर पडणारा शब्द जगभर पसरला. आज सरकारी जाहिरातीपासून साबणाच्या वेष्टनापर्यंत शाश्वत हा शब्द दिसतो. त्याचं माहेर एका खाणअधिकाऱ्याच्या टंचाईच्या वहीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पण 'टिकेल असं वापरा' हे म्हणणं सोपं. किती वापरलं म्हणजे टिकतं, हे कोण सांगणार? त्यासाठी झाड दरवर्षी किती वाढतं, एका एकरात किती लाकूड उभं आहे, ते किती वर्षांनी तोडणीला येईल, हे मोजावं लागतं. इथून शिक्षण सुरू झालं. हाइनरिश कोटा नावाच्या वनाधिकाऱ्याने आधी स्वतःच्या खाजगी शाळेत मुलांना जंगलाची मोजणी शिकवली. १८११ साली ही शाळा त्याने ड्रेस्डेनजवळच्या थारांट या गावी नेली. पाच वर्षांनी ती सॅक्सनीच्या राजाची वनविद्यालय-अकादमी झाली. आजही ती तिथे ड्रेस्डेनच्या विद्यापीठाचा भाग म्हणून चालू आहे. कोटाच्या ऐंशीव्या वाढदिवशी ऐंशी ओक लावले गेले आणि वर्षभराने तो वारला, तेव्हा त्याच झाडांत त्याला पुरलं. शिक्षकाला याहून चांगली गुरुदक्षिणा मी तरी ऐकलेली नाही.

या शाळांत काय शिकवत, ते बँकेच्या भाषेत सांगतो. निवृत्त माणूस फंडाचे पैसे घेऊन आमच्याकडे येई, तेव्हा आम्ही त्याला सांगत असू की सगळी रक्कम एकाच मुदत ठेवीत टाकू नका. पाच भाग करा. एक ठेव एक वर्षाची, दुसरी दोन वर्षांची, अशा पाच ठेवी करा. म्हणजे दरवर्षी एक ठेव पिकेल, ती पुन्हा पाच वर्षांसाठी टाका, आणि तुमच्या हातात कायम पैसा येत राहील. जर्मन वनशाळेतलं आदर्श जंगल हे नेमकं असंच होतं. शंभर वर्षांनी तोडणीला येणारं झाड असेल तर जंगलाचे शंभर भाग करा, एक भाग एक वर्षाच्या रोपांचा, एक दोन वर्षांच्या, असं करत शंभरापर्यंत. दरवर्षी एकच भाग तोडा आणि तिथे लगेच लागवड करा. जंगल कधी संपणार नाही आणि लाकूड कधी बंद पडणार नाही. तोडणाऱ्याच्या हातात लावलेल्याचं फळ पडत नाही, ते नातवाच्या नातवाला मिळतं. एवढ्या लांब मुदतीचा व्यवहार जगातली कुठलीही बँक करत नाही. तो करायला शिकवणारी विद्या लहान नव्हे.

ही विद्या आपल्याकडे आली ती साम्राज्याच्या गरजेतून. जहाजांना सागवान हवं होतं आणि मग रेल्वेला स्लीपर. मुंबई इलाख्यात १८४७ सालीच अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे संरक्षक नेमलं होतं. हे गृहस्थ शल्यवैद्य. पुण्याजवळच्या दापोडीचा सरकारी वनस्पती-बाग ते सांभाळत. मलबारात निलांबूरला १८४० च्या दशकात सागाची जगातली पहिली मोठी लागवड उभी राहिली. जिल्हाधिकारी कॉनली यांचं नाव तिला मिळालं, पण सागाचं हट्टी बी रुजवून ती प्रत्यक्ष उभी केली ती चाथू मेनन या त्यांच्या हाताखालच्या माणसाने. त्यांनी कुठल्या वनशाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भाच्याच्या गड्याची मला इथे आठवण झाली.

आणि मग आले डिट्रिश ब्रँडिस. बॉनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ, १८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांवर नेमले गेले. जंगल अफाट, माणसं थोडी, नकाशे नाहीत. या माणसाने काय केलं असेल? हत्तीवर बसून तो जंगलातून सरळ रेषेत चालत राही. डाव्या हातात बांबूच्या चार चिपा. झाडांच्या जाडीचे चार वर्ग, प्रत्येकाची एक चिप. दोन्ही बाजूंना दिसणारं प्रत्येक सागाचं झाड डोळ्यांनी जोखायचं आणि चाकूने त्या त्या चिपेवर एक खाच मारायची. संध्याकाळी मुक्कामाला आल्यावर खाचा मोजायच्या आणि वहीत उतरवायच्या. आमच्या बँकेतली रोजची जुळवणी मला आठवते. कॅशियरच्या खिडकीऐवजी हत्तीची पाठ, एवढाच फरक. त्यातून त्याने नियम बांधला : मधल्या जाडीची जितकी झाडं दरवर्षी वाढून पहिल्या वर्गात येतील, तितकीच पहिल्या वर्गातली तोडायची. व्याजाइतकीच उचल.

ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. सुरुवातीला बडे अधिकारी तयार करण्यासाठी तरुण इंग्रजांना जर्मनीत आणि फ्रान्समधल्या नान्सीच्या वनशाळेत पाठवत, कारण इंग्लंडमध्ये ही विद्या शिकवणारी शाळाच नव्हती! हिंदी माणसांसाठी, म्हणजे रेंजर वगैरे खालच्या जागांसाठी, १८७८ साली डेहराडूनला वनविद्यालय निघालं. १९०६ साली तिथे वनसंशोधन संस्था उभी राहिली. ब्रँडिस यांच्या सल्ल्याने अमेरिकेतला गिफर्ड पिंचो हा तरुण नान्सीला शिकला आणि पुढे त्या देशाच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. म्हणजे आपल्या जंगलांत घोटलेला अनुभव थेट अमेरिकेपर्यंत पोचला. अभिमान वाटावा अशीच ही कहाणी आहे.

पण हिशेबाच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड लागते. वही कितीही सुंदर अक्षरात लिहिलेली असो, तो आधी बघतो की यात कुठल्या नोंदी नाहीत.

या वहीत लाकूड होतं. फक्त लाकूड. गवत नव्हतं, मोहाची फुलं नव्हती, मध नव्हता, डिंक नव्हता, झरा नव्हता. आणि तिथे राहणारी माणसं नव्हती. किंबहुना ती होती, पण खर्चाच्या बाजूला : चोरटी तोड, बेकायदा चराई, वणवा. ज्या १८७८ साली डेहराडूनची शाळा निघाली, त्याच साली नवा जंगल कायदा आला आणि सरकारी राखीव जंगलात पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क सवलती होऊन बसले. गंमत अशी की खुद्द ब्रँडिस यांना गावागावांची स्वतःची जंगलं हवी होती. त्यांच्याच खात्यातले बेडन-पॉवेल (स्काउटवाले नव्हेत, त्यांचे सावत्र भाऊ) यांचं मत उलट होतं, सगळं सरकारच्याच ताब्यात हवं. जिंकले बेडन-पॉवेल. गावजंगलाचं कलम कायद्यात राहिलं, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावरच झोपून राहिलं.

महाराष्ट्रात याची झळ लगेच लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायरानं आणि डोंगर गिळणाऱ्या जंगलखात्याची चांगलीच हजेरी घेतली आहे. १८८५ साली ठाणे आणि कुलाबा भागातल्या तक्रारींमुळे मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहापाठोपाठ आपल्याकडे जंगल सत्याग्रह पेटला, तो पुसदला बापूजी अण्यांनी गवत कापून, आणि २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला गोळीबारात माणसं पडली. समुद्र नसलेल्या गावाला मीठ कुठून मिळणार? पण जंगलखात्याचा जाच प्रत्येक गावाला ठाऊक होता. एका विद्येविषयी लोकांच्या मनात इतका राग साठावा, हे त्या विद्येच्या वहीत काहीतरी चुकल्याचं लक्षण होतं.

ही चूक फक्त परक्या सरकारची होती असं मानून मोकळं होता येत नाही. स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट सांगतो. कर्नाटकात, कारवार जिल्ह्यातल्या जंगलाचा बांबू १९५८ साली एका कागद कारखान्याला दीड रुपया टन या भावाने देण्यात आला. काही वर्षांनी टोपल्या विणणाऱ्या लोकांनी ओरड केली की बांबू संपत चाललाय. १९७० च्या दशकाच्या मध्याला माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी याचा अभ्यास करायला गेले. जंगलात बांबू किती आहे याचे खात्याचे अंदाज मुळातच भरमसाट फुगलेले निघाले. म्हणजे नसलेल्या मुद्दलावर व्याज उचललं जात होतं. पण खरी शिकवण पुढेच आहे. खात्याची शास्त्रीय पद्धत अशी की बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करायचं, म्हणजे बेटाला मोकळी हवा मिळून वाढ चांगली होईल. गावातली माणसं गाडगीळांना म्हणाली, हे तुम्ही उलटंच करताय. काटे काढले की कोवळे कोंब उघडे पडतात आणि गुरं, जनावरं ते खाऊन टाकतात. गाडगीळांनी बेटं निवडून, कोंब मोजून पाहिलं. गावकरी बरोबर निघाले.

मला या गोष्टीतला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गावकऱ्यांना ठाऊक होतं, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हतं, पण त्याला मोजून सिद्ध करता येत होतं. एकाकडे ज्ञान आणि दुसऱ्याकडे ताळा. दोघं एका बेटापाशी उभे राहिले तेव्हा सत्य बाहेर आलं. गड्याला झाडं ओळखता येतात म्हणून पदवी नको, हे भाच्याचं म्हणणं इथे अर्धं पडतं. आणि पदवी आहे म्हणून गड्याला विचारायला नको, हे खात्याचं म्हणणंही अर्धंच पडतं.

दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका दाखवताना स्वतःची वही लपवणं बरं नव्हे. १९८६ साली मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यात शाखाधिकारी होतो. सामाजिक वनीकरणाचे दिवस होते. शेतात निलगिरी लावा, बँक कर्ज देईल, सहा-सात वर्षांत बांधकामाच्या बल्ल्या विकून पैसाच पैसा, अशी ती योजना. वरून उद्दिष्ट ठरून आलं होतं. मार्चअखेरीच्या आत अमुक इतकी प्रकरणं व्हायलाच हवीत. बाजरी पिकवणाऱ्या एका वयस्क शेतकऱ्याला, सगळे त्यांना अण्णा म्हणत, मी स्वतः ओट्यावर बसून योजना पटवली. प्रकल्प अहवालात एकरी झाडं, झाडाची किंमत, व्याज, हप्ता, सगळं चोख होतं. अण्णा म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही म्हणता तर लावतो."

पुढे माझी बदली झाली. १९९३ साली त्याच शाखेच्या तपासणीला गेलो तेव्हा मुद्दाम अण्णांकडे गेलो. झाडं तोडून झाली होती. सगळ्यांची निलगिरी एकदम बाजारात आल्यामुळे व्यापाऱ्याने सांगितलेला भाव अहवालातल्या भावाच्या जवळपासही नव्हता. कर्ज फेडायला अण्णांनी बैलजोडी विकली होती. त्यांनी मला चहा पाजला. एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, बाजरी बुडाली तरी गुरांना सरमाड मिळायचं. या झाडाचा पाला शेळीसुद्धा तोंडात धरत नाही."

सरमाड म्हणजे बाजरीचा वाळलेला चारा. माझ्या अहवालात त्याचा रकानाच नव्हता. मी एम.कॉम. होतो, सहकार आणि शेतीकर्जाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो होतो, आणि ज्या गोष्टीवर त्या घराची गुरं वर्षभर जगत, ती मला विचारावीशीही वाटली नव्हती. ब्रँडिसच्या चिपेवर फक्त सागाला खाच होती, माझ्या कागदावर फक्त निलगिरीला. पुस्तकी हिशेब बरोबर असूनही माणूस बुडतो, हे मी त्या ओट्यावर शिकलो. त्या प्रकरणाच्या फाइलवर 'खाते बंद, वसुली पूर्ण' असा शेरा मीच मारला. बँकेचं काहीच बुडालं नव्हतं.

एकाच झाडावर भिस्त ठेवण्याची किंमत त्या विद्येच्या माहेरालाही मोजावी लागली आहे. लवकर वाढतं, सरळ वाढतं, पैसा देतं, म्हणून जर्मनीत डोंगरच्या डोंगर स्प्रूसचे करून टाकले होते. २०१८ पासून लागोपाठ कोरडी वर्षं आली. तहानलेल्या झाडांना सालीखालच्या भुंग्यांनी गाठलं आणि लाखो हेक्टरांवरचं जंगल वाळून गेलं. हार्त्झच्या डोंगरांवर राखाडी सांगाड्यांची रानं उभी राहिली. आता तिथल्या वनशाळा मिश्र जंगल शिकवतात : बीच, ओक, मॅपल, जे जिथे मुळात होतं ते. सगळ्या ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत, हे त्यांना तीनशे वर्षांनी पुन्हा शिकावं लागलं.

आपल्याकडेही वही हळूहळू बदलली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने प्रथमच स्पष्ट म्हटलं की जंगलातून महसूल मिळवणं हा मुख्य हेतू नव्हे. पर्यावरणाचा तोल आणि जंगलाजवळ राहणाऱ्यांच्या गरजा आधी. त्याच दशकात भोपाळची वनव्यवस्थापन संस्था आणि डेहराडूनची वन्यजीव संस्था निघाली, आणि दापोली, अकोला अशा कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी सुरू झाली. २००६ साली वनहक्क कायदा आला आणि बांबू हे गौण वनउपज आहे, त्यावर गावाचा हक्क आहे, हे कायद्याने लिहून दिलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तीन वर्षं मी गडचिरोलीत होतो. धानोरा रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) या गावाचं नाव तेव्हाच कानावर आलं होतं. गोंडांचं छोटं गाव. तिथे निर्णय मतदानाने होत नसत, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बैठक चाले. आणि त्यांचे अभ्यासगट असत. जंगल, कायदा, मध, जो विषय अडेल त्यावर गाव आणि बाहेरचा जाणकार एकत्र बसत. मी एकदा तसा बसलो आहे. फाइलवर दोन मिनिटांत सही करण्याची सवय लागलेल्या मला ती बैठक संपता संपेना असं झालं होतं. आज वाटतं, ते एक वनविद्यालयच होतं, फक्त त्याला पाटी नव्हती. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर खातं उघडलं होतं, चेकबुक दोन वर्षांनी मिळालं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली हजाराहून अधिक हेक्टरांवर असाच हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने केलेली एक गोष्ट मी बँकेच्या प्रशिक्षणवर्गात सांगितली असती. तेंदूपत्ता म्हणजे हमखास रोख पैसा. पण पत्ता चांगला यावा म्हणून फांद्या छाटतात, आग लावतात, आणि मग टेंभरं लागत नाहीत. पाचगावने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भागवायचं ठरवलं. जंगलाचा एक तुकडा तर त्यांनी हात न लावता राखून ठेवला. गरीब गावाने हातातली रोख रक्कम नाकारून मुद्दल वाढवलं. कार्लोवित्झला हे पाहून आनंद झाला असता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. प्रत्येक गाव मेंढा नसतं. हक्क मिळाला आणि ठेकेदाराने फसवलं, हिशेब ठेवता आला नाही, गावातल्याच चार जणांनी हात मारला, अशीही उदाहरणं आहेत. म्हणून जंगल खात्याकडेच बरं, असं काही निवृत्त अधिकारी तळमळीने म्हणतात. मला त्यातून उलटा निष्कर्ष काढावासा वाटतो. पतपेढी बुडाली म्हणून आपण लोकांना बचत करायची बंदी केली नाही, आपण लेखापरीक्षक नेमले. ग्रामसभांना हक्क दिले, पण बेटं मोजून देणारा, तोडणीचं वेळापत्रक बसवून देणारा, पुढच्या चाळीस वर्षांत कधीतरी बांबू एकदम फुलून वाळेल तेव्हा काय करायचं ते आधी सांगणारा माणूस दिला का? आणि दुसरीकडे वनशास्त्र शिकलेली आमची मुलं काय करतात? भारतीय वनसेवेची परीक्षा इंजिनियरपासून प्राणिशास्त्राच्या पदवीधरापर्यंत अनेकांना खुली आहे. असू दे, गुणवत्तेला कुंपण नको. पण स्पर्धापरीक्षेत जे मागे पडतात, त्यातले किती जण शेवटी बँकेच्याच परीक्षा देतात, ते मी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिलं आहे. झाडाचं वय सांगू शकणारी पोरं आमच्याकडे धनादेशावरच्या तारखा तपासत बसायची.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या ग्रामसभांकडे जंगल आहे, त्यांना प्रशिक्षित वनपदवीधर हक्काने बोलावता आला पाहिजे. गावाने त्याला पगार द्यावा, सरकारने काही वर्षं त्यात वाटा उचलावा, आणि त्याने हिशेब गावाला द्यावा. आणि वनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीआधी निदान सहा महिने एखाद्या जंगलातल्या गावात उमेदवारी करावी, रेस्ट हाउसात नव्हे, गावात. डॉक्टरांना आपण ग्रामीण सेवा करायला लावतो, कारण पुस्तकातला रोगी आणि खाटेवरचा रोगी वेगळा असतो. जंगलाचंही तसंच आहे. मारुती चितमपल्ली कोइमतूरच्या रेंजर कॉलेजात शिकले, पण नंतर आयुष्यभर जंगलातल्या माणसांकडून शब्द वेचत राहिले. म्हणून मराठीला त्यांचा पक्षिकोश मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांना अपवाद म्हणून हळहळण्यापेक्षा त्यांची रीत अभ्यासक्रमात आणणं जास्त उपयोगाचं.

भाच्याला मी फोन केला आणि सांगितलं, "जाऊ दे पोराला. पण निघायच्या आधी दोन दिवस त्याला गड्याबरोबर बांधावरून फिरव, आणि तो काय सांगतो ते लिहून घ्यायला लाव." भाचा काही बोलला नाही. मला वाटलं, नाराज झाला.

दिवाळीत त्याचाच फोन आला. फराळाचं विचारून झाल्यावर म्हणाला, "मामा, तुम्ही भलतंच करून ठेवलंत. विहिरीजवळची जुनी बाभूळ विकायची ठरवली होती. गिऱ्हाईकही आलं होतं. पोरगा टेप घेऊन घेर मोजून आला आणि म्हणतो, हिची वाढ अजून थांबलेली नाही, पाच वर्षं थांबा."

"मग? गड्याला विचारलंस का?"

"तो आणखी पुढचा! म्हणतो, दरसाल धनगराच्या मेंढ्या तिच्याच सावलीला बसतात. बाभूळ गेली तर कळप पलीकडच्या रानात जाईल, आणि लेंडीखत विकत आणावं लागेल."

"आणि गिऱ्हाईक?"

"गेलं परत," भाचा म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.